ख्रिस्ती उपासनासभा

ख्रिस्ती उपासनासभा : ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, स्तोत्रगायन आणि प्रभुभोजन यांसाठी एकत्र जमण्याचा विधी. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक अशा रीतीने जमणाऱ्या समुदायास ‘मंडळी’ आणि तिच्या धार्मिक प्रमुखास ‘पाळक’ म्हणतात. नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द योजण्यात आला. ग्रीक नगरांतील नागरिकांच्या सभेला मुळात एक्लेसिया ही संज्ञा होती. मूळ शब्दाप्रमाणेच मराठी शब्दातही इमारतीपेक्षा जमलेल्या माणसांचा बोध होतो. ही सभा कशी चालवावी, यासंबंधी नव्या करारात सविस्तर विधिसंहिता नाही; सभेचे बरेवाईट ठरविण्याच्या काही कसोट्या मात्र त्यात आहेत. या कसोट्या भाषा, जात, स्त्रियांचे स्थान व गायनाची रीत या बाबतींत कशा लावल्या गेल्या, हा महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग होय.

नव्या करारातील मार्गदर्शन : आरंभीचे ख्रिस्ती लोक यहुदी सभास्थानांतील शास्त्रवाचन, प्रार्थना व प्रवचन यांना सरावलेले होते. त्यांच्या सभेची चार अंगे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नोंदविलेली आहेत : प्रेषितांचे शिक्षण, परस्परांची सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, भाकर मोडण्यासाठी जमल्याचा उल्लेख आहे. सभांना जाणे सोडू नये असे ‘इब्री लोकांस पत्र’ सांगते. स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक गायने यांच्या योगे एकमेकांस बोध करावा असे ‘कलस्सैकरांस पत्रा’त म्हटले आहे, तर ‘तीमथ्याला पहिले पत्र’ शास्त्राच्या जाहीर वाचनावर आणि राज्यकर्त्यांसह सर्वांसाठी करावयाच्या प्रार्थनेवर भर देते. स्वतंत्र इमारती त्या काळी नव्हत्या. सभा श्रद्धावंतांच्या घरी भरत. प्रिस्का व अक्विला हे दांपत्य आणि नुंफा ही स्त्री यांच्या घरी जमणाऱ्या मंडळ्यांचे उल्लेख पौलाच्या नावावरील पत्रांत येतात.

सभेच्या चालीविषयी सर्वांत सविस्तर विवेचन पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (इ. स. सु. ५४) आढळते. जुने करिंथ रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते आणि इ. स. पू. ४४ मध्ये ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविण्यात आले. या व्यापारी नगरात दास, मुक्त झालेले दास, कारागीर, व्यापारी अशा निरनिराळ्या थरांतील लोक पोटापाण्यासाठी एकत्र आले होते. मंडळीतही हेच लोक होते आणि त्यांच्यातील भेद सभेत उमटत होते. पौलाचे मार्गदर्शन याच तक्रारींना दिलेले उत्तर असल्याने ते व्यवहाराला धरून आहे.

पहिली तक्रार भोजनाची होती. सुखवस्तू लोक आधी येऊन आपापले अन्न खात व मद्य पीत. कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. मराठी वाचकाला परिचित शब्दात सांगावयाचे, तर हा पंक्तिभेदच होता. अशा भोजनास प्रभूचे भोजन म्हणता येत नाही, असा निर्वाळा देऊन पौलाने सर्वांनी एकमेकांची वाट पाहण्यास सांगितले (अध्याय ११). ‘याकोबाच्या पत्रा’तही सभेत सोन्याची अंगठी घातलेल्यास मानाची जागा देणे व फाटक्या वस्त्रातील गरिबाला पायांशी बसविणे यांचा निषेध आहे (अध्याय २).

दुसरी तक्रार बोलण्याची होती. कित्येक जण भावावेशात कोणालाही न समजणाऱ्या ‘अन्य भाषां’त बोलत, तर कित्येक एकाच वेळी संदेश देऊ लागत. पौलाने या देणग्यांवर बंदी घातली नाही. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी क्रमाने बोलावे व कोणी तरी अर्थ सांगावा; अर्थ सांगणारा नसल्यास बोलणाऱ्याने गप्प राहावे; संदेश देणाऱ्यांचे म्हणणे इतरांनी पारखावे; आणि सर्व काही शिष्टाचाराने व व्यवस्थेने व्हावे, असे त्याने ठरवून दिले (अध्याय १४). ऐकणाऱ्यास ते समजते काय व त्याने मंडळीची उन्नती होते काय, हा त्याचा मुख्य निकष आहे. बाहेरचा कोणी सभेत आला तर त्याला काय वाटेल, याचाही विचार त्याने केला आहे.

तिसरा प्रश्न स्त्रियांचा होता आणि येथे खुद्द पत्रातच ताण दिसतो. अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक आच्छादावे असे सांगितले आहे. याचा अर्थ स्त्रिया सभेत बोलत होत्या. चौदाव्या अध्यायात मात्र त्यांनी सभेत गप्प राहावे असे वचन येते. काही जुन्या हस्तलिखितांत ही वचने अध्यायाच्या शेवटी आढळतात. त्यामुळे ती मागाहून घातली गेली असावीत असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते, सभेत मध्येच प्रश्न विचारून होणाऱ्या गोंधळापुरताच हा नियम होता. ख्रिस्ताच्या ठायी यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद नाही, असे ‘गलतीकरांस पत्र’ म्हणते. पुढील काळात प्रत्येक पंथाने यांपैकी कोणत्या वचनास मुख्य मानावयाचे याचा निर्णय आपल्या परीने केला.

विधीची घडण : दुसऱ्या शतकात सभेला हळूहळू निश्चित रूप येऊ लागले. बिथिनियाचा रोमन राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पाठविलेल्या पत्रात (इ. स. सु. ११२) ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, अशी माहिती दिली आहे. जस्टिन मार्टर याने इ. स. सु. १५५ मध्ये रविवारच्या सभेचे जे वर्णन केले त्यात प्रेषितांच्या आठवणींचे किंवा संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे वाचन, प्रमुखाचे प्रवचन, सर्वांनी उभे राहून केलेली प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांचे वाटप आणि अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान यांच्यासाठी जमविलेले दान असा क्रम येतो. आजही बहुतेक पंथांच्या उपासनेत हाच सांगाडा दिसतो. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर भव्य मंदिरे उभी राहिली, धर्मगुरू व सामान्य जन यांतील अंतर वाढले आणि पश्चिमेकडे लॅटिन ही विधींची भाषा कायम झाली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने लोकभाषेतील शास्त्रवाचन, उपदेश व सामुदायिक गायन यांना पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले.

महाराष्ट्रातील आरंभ : कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमलात, विशेषतः वसई भागात, सोळाव्या शतकापासून रोमन कॅथलिक समाज आहे. त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होई. मात्र शास्त्रकथा लोकांना त्यांच्या भाषेत समजावी म्हणून इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याने मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणश्रवणाची ओळखीची रीत ख्रिस्ती समाजासाठी वापरण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस आले आणि या मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे केंद्र उघडले. उपासना लोकभाषेतून चालवावयाची तर प्रथम शास्त्र त्या भाषेत हवे. त्यामुळे भाषांतर हे पहिले काम ठरले. विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने श्रीरामपूर येथे १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला होता. अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले.

मिशनऱ्यांनी सभेचा जो क्रम रूढ केला तो त्यांच्या मायदेशातील होता : गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश, दानार्पण व आशीर्वाद. मराठी समाजातील काही रीती मात्र त्यात सहज सामावल्या. प्रार्थनेच्या वेळी पदर डोक्यावर घेण्याची स्त्रियांची चाल पौलाच्या सूचनेशी जुळली. पुरुषांच्या बाबतीत उलट स्थिती होती. करिंथ येथील पुरुषांना पौलाने मस्तक उघडे ठेवण्यास सांगितले होते, तर महाराष्ट्रात वडीलधाऱ्यांपुढे बोडक्याने जाणे असभ्य समजत. एकाच बाह्य चिन्हाचा दोन समाजांत परस्परविरुद्ध अर्थ होऊ शकतो, हे यावरून दिसते.

गायन व कीर्तन : समजण्याचा निकष शब्दांपुरता नव्हता; चालींनाही तो लागू होता. पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते खेड्यातील माणसाच्या तोंडी बसत नसत. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी वृत्तांत व चालींत पदे रचली आणि कीर्तनाची पद्धती ख्रिस्ती कथनासाठी वापरली. पूर्वरंगात तत्त्वाचे विवरण व उत्तररंगात आख्यान ही कीर्तनाची घडण शास्त्रपाठ आणि दृष्टांतकथा यांना सोयीची होती. शिवाय कीर्तनात श्रोता मुका राहत नाही. ध्रुपद व नामघोष यांत तो भाग घेतो.

या प्रयत्नाला साहित्याची उंची दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’त वारकरी संतांचा छंद व आर्त ख्रिस्तभक्तीसाठी योजलेले आहेत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांचा मोठा वाटा आहे. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे राहिलेले महाकाव्य लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी पूर्ण केले. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसमाज स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, अशी त्यांची कल्पना होती. सभेची सीमा कोठे आखावयाची, हा प्रश्न त्यांनी अशा रीतीने उघड मांडला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे हा प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही.

जात व प्रभुभोजन : करिंथमधील पंक्तिभेद संपत्तीचा होता, महाराष्ट्रात त्याने जातीचे रूप घेतले. अहमदनगरच्या मंडळ्यांत हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे पूर्वाश्रमीचे ब्राह्मण होते, तथापि सभासदांत महार समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर ती आणखी वाढली. एका भाकरीचा तुकडा व एका पेल्यातील द्राक्षारस सर्वांनी घ्यावयाचा, हा विधी ज्या समाजात पाणवठाही वेगळा होता तेथे केवळ प्रतीकात्मक राहू शकत नव्हता. प्रभुभोजनास बसणे म्हणजे जात सोडल्याची जाहीर साक्ष देणे होते. त्याची किंमत अनेकांनी घर, वतन व नातेसंबंध गमावून मोजली.

तथापि जात पूर्णपणे नष्ट झाली नाही. भोजनाच्या मेजावर मान्य झालेली समता विवाहसंबंधांत व गावातील वस्तीत उतरली नाही, असे पुष्कळ ठिकाणी घडले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९३८ मध्ये सोलापूर येथे ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना बुद्ध व ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला. त्याचबरोबर विशेषतः दक्षिण भारतातील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हा दोषही दाखविला. धर्मांतरानंतरही जात टिकून राहते, ही टीका त्यांच्या लेखनात अन्यत्रही येते. पौलाने करिंथकरांना विचारलेला प्रश्नच येथे वेगळ्या दिशेने मंडळीपुढे आला होता.

स्त्रियांचा सहभाग : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्यामुळे या प्रश्नाला महाराष्ट्रात असाधारण महत्त्व प्राप्त झाले. ख्रिस्ती होण्यापूर्वी त्या कुटुंबासह देशभर फिरून पुराणे सांगत. विद्वत्सभेपुढे बोलणे त्यांना नवे नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. तेथे १९०५ च्या जूनअखेरीस एक मोठे धार्मिक जागरण झाले. शेकडो मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, अश्रू ढाळीत पापांची कबुली देऊ लागल्या. अन्य भाषांत बोलल्याचेही वृत्तांत आहेत. अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथील १९०६ च्या प्रसिद्ध पेंटेकोस्टल जागरणापूर्वीची ही घटना असल्याने पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावला स्वतंत्र स्थान आहे.

अशी प्रार्थना पौलाच्या व्यवस्थेच्या नियमात बसते काय, हा वाद साहजिकच उद्भवला. रमाबाईंनी या अनुभवांना मोकळीक दिली. मात्र अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव चिन्ह असल्याचे मानले नाही. येथील स्त्रियांचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यास जात. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे कामही रमाबाईंनी केले आणि त्याची छपाई केडगावच्या स्त्रियांनीच केली. स्त्रियांनी सभेत गप्प राहावे हे वचन ज्या पृष्ठावर आहे, तेही त्यांत आलेच.

ऐक्य व विविधता : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी उपासनेचे रूप बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये पवित्र उपासनेसंबंधीचा आदेश संमत केला व लोकभाषांना वाव दिला. त्यानंतर रोमन कॅथलिक मिस्सा मराठीत होऊ लागली. सर्वांनी जाणतेपणाने व सक्रिय भाग घ्यावा, हे या आदेशाचे सूत्र करिंथकरांना दिलेल्या उपदेशाच्या जवळचे आहे. दुसरी घटना म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झालेली ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक भाग, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, तसेच काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन परंपरांचे आधीच एक झालेले चर्च त्यात सामील झाले. बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती आणि उपासनेच्या निरनिराळ्या पद्धती या चर्चने मान्य केल्या. त्यात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षाही देण्यात येते. दुसऱ्या बाजूस, काही स्वतंत्र मंडळ्या चौदाव्या अध्यायातील वचन अक्षरशः पाळतात. पेंटेकोस्टल मंडळ्यांत अन्य भाषा व आरोग्यदानाच्या प्रार्थनांना प्राधान्य असते.

देहूरोड व परिसर : पुणे–लोणावळे लोहमार्गावरील देहूरोड हे लष्करी कटकाचे गाव. लष्करी भांडारांतील नोकऱ्यांमुळे मराठीबरोबरच तमिळ, तेलुगू, मलयाळम्, हिंदी इ. भाषा बोलणारे लोक येथे स्थायिक झाले. पोटासाठी एकत्र आलेल्या नाना भाषांच्या लोकांचे गाव या दृष्टीने ते जुन्या करिंथशी ताडून पाहता येते. अशा गावी ख्रिस्ती सभेपुढील पहिला प्रश्न भाषेचाच असतो : प्रत्येक भाषिकाने वेगळे जमावे की एकत्र जमून अर्थ सांगणाऱ्याची योजना करावी? पहिल्या पर्यायात समजणे साधते पण एकत्र येणे राहते. दुसऱ्यात एकत्र येणे साधते पण वेळ व धीर लागतो. पौलाने दोन्ही गोष्टींचा आग्रह धरला असल्याने यांतील कोणत्याही एकाच पर्यायाला शास्त्राधार आहे, असे म्हणता येत नाही.

या परिसराला सामुदायिक उपासनेचा आणखी मोठा वारसा आहे. जवळचे देहू ही तुकारामांची भूमी. ज्या अभंगपरंपरेने टिळकांची गीते घडविली तिचे हे एक महत्त्वाचे स्थान होय. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या १९५६ मधील धम्मदीक्षेपूर्वीची ही एक महत्त्वाची घटना मानली जाते. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती ज्या समाजांतून आले, त्याच समाजांतील लोकांनी येथे समतेचा वेगळा मार्ग पत्करला. मंडळीच्या पंक्तीत समता खरोखर होती काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनही या घटनेकडे पाहिले पाहिजे.

समारोप : नव्या करारात उपासनेचा तासवार क्रम, वाद्यांची यादी किंवा पोषाखाची संहिता सापडत नाही. परस्परांसाठी थांबणे, समजेल असे बोलणे, दुसऱ्याला बोलण्यास जागा देणे, ऐकलेले पारखणे आणि गरिबाची जागा राखणे एवढेच त्यातील आग्रह आहेत. महाराष्ट्रात बायबलचे भाषांतर, कीर्तन, एकत्र भोजन आणि केडगावची प्रार्थना यांतून हे आग्रह वेगवेगळ्या काळी प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न झाला. जेथे चाली तेवढ्या राखल्या गेल्या व हे आग्रह मागे पडले, तेथे सभा नियमित भरत राहिल्या तरी त्यांच्यावरील टीका निराधार म्हणता येत नाही. करिंथच्या मंडळीत व्यवस्था नव्हती, म्हणून पौलाने पत्र लिहिले. परंतु त्याच्या पत्रातील सर्वांत कठोर शब्द गोंधळ करणाऱ्यांपेक्षा उपाशी माणसासमोर जेवणाऱ्यांसाठी आहेत.